मंगळवारी लूव्र बंद असतं

परदेशी जायचं ठरलं की व्हिसाच्या आधी सल्ले येतात. व्हिसाला निदान अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, बँकेत किती शिल्लक आहे ते दाखवावं लागतं. सल्ल्याला यातलं काही लागत नाही. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला "मे महिन्यात जरा पॅरिसकडे जातोय" एवढं सांगितलं की झालं. काका एका पायात चप्पल अडकवून थांबतात आणि म्हणतात, "मंगळवारी लूव्र बंद असतं बरं का."

हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही. लूव्र मंगळवारी बंद असतं हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं सापडतं. पण छापलेलं वाचून कोणी असं एका पायात चप्पल अडकवून सांगत नाही. असं सांगणारा माणूस कधीतरी एका मंगळवारी त्या काचेच्या पिरॅमिडसमोर उभा राहिलेला असतो. बरोबर बायको, मेव्हणी, मेव्हणीची दोन मुलं आणि पाठीवरच्या पिशवीत मेतकूट-पोळीचे रोल. "मी म्हटलं होतं, आधी बघून घ्या," हे वाक्य तिथे उच्चारलं गेलेलं असतं, आणि ते मेव्हणीसमोर उच्चारलं गेलेलं असतं. त्या दुपारचा सगळा अर्क चार शब्दांत उतरून आपल्याला जिन्यात फुकट मिळतो. त्याच काकांना पुढे विचारलंत तर ते हेही सांगतील की ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. म्हणजे सोमवारी व्हर्साय आणि मंगळवारी लूव्र असा बेत आखणारा माणूस दोन दिवस पॅरिसमधली कुलपं बघतो.

प्रवासाच्या सल्ल्यांविषयी माझं एक ठाम मत झालेलं आहे. डोळ्यांतून आलेला सल्ला बिनकामाचा आणि पायांतून आलेला सल्ला सोन्याचा. "आयफेल टॉवर बघाच हो, काय सुंदर आहे!" हा डोळ्यांचा सल्ला. पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर न बघण्याचा विचार कोणी केला होता? तो शहराच्या निम्म्या गल्ल्यांतून आपोआप दिसतो. "दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं जा, ६७४ पायऱ्या आहेत, पण लिफ्टच्या रांगेपेक्षा जिन्याची रांग छोटी असते," हा मात्र गुडघ्यांतून आलेला सल्ला. त्यात आकडा आहे, त्याग आहे आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित कळ आहे.

लूव्रच्या आतलाही असा एक सल्ला आहे. मोनालिसासमोर पोचलात की लगेच तिच्याकडे पाठ करा. तसंही तिच्याकडे बघायला फारसं मिळत नाही. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. त्याच्यापुढे काच, काचेपुढे कठडा, कठड्यापुढे वर केलेले शेकडो हात आणि प्रत्येक हातात फोन. त्या प्रत्येक फोनच्या पडद्यावर मोनालिसा स्वच्छ दिसत असते. आपण दुसऱ्याच्या फोनमधली मोनालिसा बघून समाधान मानायचं, आणि मग मागे वळायचं. मागच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. विषय लग्नाची पंगत. बायबलातल्या काना गावच्या लग्नात ऐन जेवणात द्राक्षारस संपला आणि येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, ती गोष्ट. शंभराहून अधिक माणसं, वाजंत्री, वाढपी, कुत्री. मधोमध येशू शांत बसलेला आणि पंगत नेहमीप्रमाणे आपल्याच गप्पांत. पदार्थ संपल्याचं आधी कोणाच्या लक्षात आलं, यजमानाच्या पोटात कसा गोळा आला असेल, हे ज्यानं एकदा तरी लग्नकार्य पार पाडलंय त्याला त्या चित्रासमोर लगेच कळतं. हे चित्र मुळात व्हेनिसच्या एका मठातल्या जेवणघरासाठी काढलेलं. नेपोलियनच्या फौजेनं ते १७९७मध्ये पॅरिसला नेलं आणि आता ते बिचारं दिवसभर लोकांच्या पाठी बघत असतं.

मोनालिसाची गंमत अशी की ती नसतानाही तिला बघायला गर्दी होते. २१ ऑगस्ट १९११ रोजी ती चोरीला गेली. चोर व्हिन्चेन्झो पेरुज्जा हा लूव्रमध्येच काम करून गेलेला इटालियन कारागीर. त्या काळी लूव्र सोमवारी बंद असे, आणि त्यानं नेमका सोमवार निवडला. साप्ताहिक सुट्टीची माहिती आधी नीट काढून, त्यानुसार बेत आखून, तो तडीस नेणारा लूव्रच्या इतिहासातला हा सर्वांत शिस्तशीर माणूस म्हणायला हवा. त्यानंतर संग्रहालय उघडलं तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा आणि तिथले खिळे बघायला लोक रांगा लावून आले. दोन वर्षांनी चित्र फ्लॉरेन्समध्ये सापडलं.

तर मुद्दा पायांचा होता. हल्ली एक सल्ला फार फिरतो की स्थानिकांना विचारा, शहर खरं त्यांनाच माहीत असतं. मला हे अजिबात पटत नाही. शहर बघण्याच्या बाबतीत स्थानिकाएवढा अडाणी माणूस नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याला विचारून बघा.

"अरे, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कसा बघायचा?"

"मामा, तिथे सगळे टूरिस्ट जातात."

"मग मी कोण आहे?"

"आम्ही पण नाही गेलो अजून. जाऊ कधीतरी."

हे 'कधीतरी' तो बारा वर्षं म्हणतोय. मग तो मामाला ब्रिजवॉटरच्या बालाजीला नेतो, एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाऊ घालतो आणि एका गोदामाएवढ्या दुकानात चाळीस टॉयलेट रोलांचा गठ्ठा विकत घेताना सोबत उभं करतो. प्रेमानंच करतो. पण स्टेटन आयलंडची बोट फुकट आहे हे त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं सांगलीहून दहा दिवसांसाठी जाऊन आलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून नारिंगी रंगाच्या मोठ्या बोटी सुटतात, रात्रंदिवस. पंचवीस मिनिटांचा प्रवास, १९९७पासून तिकीट नाही. जाताना उजव्या बाजूच्या कठड्याशी उभं राहायचं, पुतळा त्या बाजूनं जातो. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी उतरायचं असतं, बसून राहता येत नाही. उतरून, वळसा घालून पुन्हा चढायचं. आणि धक्क्याबाहेर जाकीट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून कोणी "फेरीचं तिकीट, फेरीचं तिकीट" करत आलं तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. फुकट बोटीची तिकिटं विकणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल मला खरं तर थोडा आदर वाटतो.

टोक्योतही असंच. तिथे उंचावरून शहर बघायला पैसे घेणारे मनोरे आहेतच, पण शिंजुकूमधल्या महानगर सरकारच्या कचेरीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, कोणालाही फुकट जाता येतं. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. सरकारी कचेरीत काम नसताना आपण होऊन जायचं, वर पोचल्यावर खिडकी उघडी मिळायची आणि त्या खिडकीतून पर्वत दिसायचा, ही कल्पना पचायला आपल्याकडच्या माणसाला जरा वेळ लागतो. टोक्योत कामाला जाणाऱ्या माणसाला ती खिडकी सुचत नाही. आपलंही तेच. दादरच्या माणसाला घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे माहीत नसतं, इस्लामपूरच्या माणसाला असतं. कारण तो सोमवारी गेटवेपर्यंत जाऊन आलेला असतो.

स्थानिकाला काही गोष्टी दिसतच नाहीत, इतक्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायच्या वेळी टेबलांवर नुसती कागदी रुमालांची पाकिटं पडलेली दिसतात, माणूस नाही. कोणी विसरून गेलं असेल म्हणून नवखा ते पाकीट बाजूला सारून बसतो आणि मग हातात नूडल्सचा वाडगा घेतलेला एक माणूस त्याच्याकडे नुसता बघत राहतो. ते पाकीट म्हणजे जागा धरलेली असते. सिंगापूरचा माणूस हे आपणहून कधी सांगणार नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला मात्र हे एका दृष्टिक्षेपात कळतं. उलट त्याला आश्चर्य एवढंच वाटतं की इथे रुमालावरून भांडण कसं होत नाही.

आता फसवणुकीचे सल्ले. हे सांगताना आवाज खाली येतो आणि खुर्ची पुढे सरकते. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एक सभ्य, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस भेटतो आणि दिलगिरीनं सांगतो की आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. तोवर तुम्हाला एक भाग्यवान बुद्ध दाखवतो, टुकटुकवाला ओळखीचा आहे, अगदी थोडे पैसे घेईल. बुद्ध खरोखर दाखवतात. त्यानंतर रत्नांचं दुकान दाखवतात, त्यानंतर शिंप्याचं. राजवाडा सकाळपासून उघडाच असतो. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाला पुढे चालता चालता त्याचा ब्रश खाली पाडतो. तुम्ही सज्जन, ब्रश उचलून हाक मारता. तो इतका भारावतो की तुमचे बूट पुसल्याशिवाय सोडतच नाही, आणि मग पैसे घेतल्याशिवाय सोडत नाही. पॅरिसमध्ये नदीकाठी कोणीतरी तुमच्या पायाशी पडलेली सोन्याची अंगठी उचलून "तुमची का?" म्हणून विचारतं.

या सगळ्या गोष्टींत फसलेला माणूस सांगणारा स्वतः कधीच नसतो. तो साडू असतो. मराठी कुटुंबव्यवस्थेत साडूची सोय बहुधा याचसाठी आहे. भाऊ म्हणावं तर तो शेजारी बसून नाकारेल, मित्र म्हणावं तर कोणता म्हणून विचारतील. साडू दुसऱ्या गावी असतो, त्याचा स्वभाव भोळा असतो आणि त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी बायको विरोध करत नाही. बँकॉकमध्ये शिवलेला, काखेत जरा आखूड असलेला तो सूट मात्र सांगणाऱ्याच्याच कपाटात टांगलेला मी पाहिला आहे.

सल्ले देण्याचा रीतसर धंदा केला तो कार्ल बेडेकर यांनी. हे बेडेकर लोणच्याचे नव्हेत, जर्मनीतल्या कोब्लेन्झचे. १८३०च्या दशकात त्यांनी प्रवाशांसाठी छोटी, खिशात मावणारी मार्गदर्शक पुस्तकं काढायला सुरुवात केली. बघण्याजोग्या गोष्टींपुढे तारा छापायची पद्धत रुजवली ती याच पुस्तकांनी. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथीड्रलवर चढताना एक गृहस्थ दर वीस पायऱ्यांनी थांबून एका खिशातला वाटाणा दुसऱ्या खिशात टाकत होते. पायऱ्यांची संख्या पुस्तकात बिनचूक पडावी म्हणून. खाली उतरताना उलट हिशेब करून ताळा घेतला. गोष्ट खरी असो नसो, त्या वाटाण्यांवर माझा विश्वास आहे. पायऱ्या मोजणाऱ्या माणसाचे तारे मी डोळे मिटून मान्य करीन.

पण तारा छापला की तो कोण कशासाठी वाचेल हे लेखकाच्या हातात राहत नाही. १९४२मध्ये जर्मन विमानांनी एक्झिटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी अशा जुन्या, देखण्या इंग्लिश शहरांवर बॉम्ब टाकले. त्या हल्ल्यांना बेडेकर छापे असंच नाव पडलं, कारण जे जे पुस्तकात ताऱ्यानं गौरवलेलं ते ते उडवायचं असं जर्मनांकडून बोललं गेलं होतं. वाटाणे मोजणाऱ्या त्या माणसाला जाऊन तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती.

चांगल्या सल्ल्याचं नशीब शांततेच्या काळातही फारसं बरं नसतं. जपानमधल्या फुजिकावागुचिको गावात लॉसन नावाचं एक किराणावजा दुकान आहे. अगदी साधं, निळ्या पाटीचं. एका विशिष्ट जागेवरून पाहिलं तर दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत आणून ठेवल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा हे ज्याला दिसलं त्याची नजर खरी. मग त्यानं ते दुसऱ्याला सांगितलं. मग इतके लोक आले की रस्ता अडला, कचरा साठला, समोरच्या दंतवैद्याच्या छपरावर माणसं चढू लागली. शेवटी २०२४च्या मेमध्ये गावानं तिथे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावून फुजी झाकून टाकला. काही दिवसांत त्या जाळीला बारीक भोकं पडलेली आढळली. त्यातलं कोणतं भोक चांगलं, याचाही सल्ला तोवर कोणीतरी कोणालातरी दिला असणार याविषयी मला शंका नाही.

युरोपाचे सल्ले मात्र शेवटी शरीरावर येतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली कायम जवळ ठेवायला सांगतात, आणि ती पिण्याच्या पाण्यासाठी नाही हे डोळ्यांनीच सांगतात. पिण्याच्या पाण्याची दुसरी बाटली. रोममध्ये तीही विकत भरावी लागत नाही. रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत, दोन हजारांहून जास्त, अखंड वाहणारे. त्यांच्या वाकड्या तोटीला रोमचे लोक नाक म्हणतात. त्या नाकाचं टोक बोटानं दाबलं की तोटीच्या पाठीवरच्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि न वाकता पिता येतं. हा प्रयोग पहिल्यांदा करताना शर्ट भिजतो.

इटलीत पैसे पडतात ते बसायचे. कॉफी उभ्यानं प्यायली तर एक दर, तीच खुर्चीत बसून प्यायली तर दुसरा. व्हेनिसच्या सान मार्को चौकात जुन्या कॅफेंसमोर व्हायोलिनं वाजत असतात, आणि तुम्ही खुर्चीत बसलात तर त्या व्हायोलिनांचेही पैसे बिलात चढतात. म्हणून पायरीवर बसावं तर तिथे दंड. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर २०१९पासून बूड टेकायची बंदी आहे, अडीचशे युरोपर्यंत फटका बसू शकतो. 'रोमन हॉलिडे'मध्ये ऑड्री हेपबर्न याच पायऱ्यांवर आइस्क्रीम खात बसली होती. आज ती राजकन्या असती तरी पोलिसानं शिट्टी वाजवली असती.

तेव्हा रोममध्ये पाय दुखले की चर्चमध्ये शिरावं, हा मला मिळालेला सर्वोत्तम सल्ला. पावलोपावली चर्च आहेत, आत गारवा असतो, बाकं असतात आणि बहुतेक ठिकाणी कोणी काही मागत नाही. नवोना चौकाच्या जवळ सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. तिथे डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, चार शतकांपूर्वी ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. कोनाडा काळोखा. शेजारी एक पेटी. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं खटकन विझतो.

आता त्या अंधारात पंधरा-वीस माणसं उभी असतात. जर्मन, कोरियन, ब्राझिलचे, आणि कोल्हापूरचं एक जोडपं. सगळ्यांच्या खिशात नाणी असतात. सगळे एकमेकांकडे अतिशय सौजन्यानं बघत दुसऱ्या कोणीतरी नाणं टाकायची वाट बघतात. कोणी छताकडे बघतं, कोणी नकाशा उलगडतं. शेवटी एखादी अमेरिकन आजी पर्स उघडते, खण् असा आवाज होतो, आणि समोर उजेडात येतात टेबलाभोवती बसून नाणी मोजत असलेली माणसं. संत मॅथ्यू हा आधी करवसुली करणारा. येशू दारात येऊन त्याच्याकडे बोट दाखवतो तो क्षण काराव्हाज्जोनं रंगवलाय. एकानं मान वर केली आहे, पण टोकाला बसलेल्या तरुणाचं मोजणं काही थांबलेलं नाही. कोल्हापूरचे गृहस्थ खिशातला हात तसाच ठेवून म्हणतात, "अगं, त्या दुसऱ्या चित्राकडे बघून घे लवकर, दिवा जाईल."

सल्ल्यांना मुदत असते हे मात्र कोणी मानत नाही. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, सल्ल्यावर नसते. त्यामुळे परवा एका लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीमच्या टेबलापाशी दोन ज्येष्ठ नागरिकांची जुंपली.

"रोमला पँथिऑन बघ. एकदम फुकट!"

"फुकट? पाच युरो आहेत. आम्ही गेल्या वर्षीच दिले."

"तुम्हाला फसवलं असेल कोणीतरी. आम्ही अकरा साली गेलो होतो, सरळ आत चालत गेलो. छताला भोक आहे मोठं, पाऊस आत पडतो."

"भोक आहे हो, भोकाबद्दल वाद नाहीच. तेवीसच्या जुलैपासून तिकीट लावलंय."

"छताला भोक ठेवून तिकीट लावतात?"

ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती नवरीची मैत्रीण. हातातला कप संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी रोमला नाही, बालीला चाललेय."

"बाली का? मग चष्मा सांभाळ," पहिले काका ताबडतोब म्हणाले. "उलुवाटूच्या देवळात माकडं चष्मा पळवतात. आणि नुसतं हाड्‌ म्हणून देत नाहीत. फळ दिलं की मगच परत करतात."

"तुम्ही कधी गेला होतात बालीला?"

"मी नाही गं," काका नाकावरचा नवा चष्मा बोटानं वर ढकलत म्हणाले, "आमचे साडू गेले होते."